निषेधाच्या वाक्यातील ‘पण’ : व्यंगलेखनावरील हल्ले आणि मराठी समाजाचा प्रतिसाद

प्रास्ताविक

वृत्तपत्रातील व्यंगलेखन आणि व्यंगचित्र यांवर होणाऱ्या हल्ल्यांची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी होते. कायद्याच्या अंगाने ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मर्यादांपाशी जाऊन थांबते आणि राजकारणाच्या अंगाने हल्लेखोर कोणत्या पक्षाचे वा संघटनेचे होते एवढ्यावर आटोपते. हल्ल्यानंतर समाज जे बोलतो त्या बोलण्याच्या भाषेकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. वास्तविक हल्ला करणारे शंभर-पन्नास असतात, त्यावर बोलणारे लाखो असतात. पुढच्या वेळी लेखणी किंवा कुंचला उचलताना संपादकाच्या आणि चित्रकाराच्या मनात घोळत राहते ते त्या शंभरांच्या दगडांइतकेच या लाखोंचे बोलणे. प्रस्तुत निबंधात त्या बोलण्याचा, विशेषतः त्यातील एका अव्ययाचा विचार करावयाचा आहे.

या विचाराचे मूळ एका दुपारच्या गप्पांत आहे. ७ जानेवारी २०१५ रोजी पॅरिस येथे ‘शार्ली एब्दो’ या व्यंग-साप्ताहिकावर झालेल्या हल्ल्यात बारा जण मारले गेले. त्यांत शार्ब, काबू, वोलिन्स्की, तिन्यूस आणि ओनोरे हे व्यंगचित्रकार होते. बातमी आली त्यानंतरच्या दिवसांत आमच्या प्राध्यापक-कक्षात त्यावर बोलणे झाले. कोणी एक सहकारी म्हणाले, “झाले ते वाईटच झाले, पण त्यांनीही इतक्या टोकाला जायला नको होते.” उरलेल्यांनी माना डोलावल्या. माना डोलावणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता. नंतर तासाला जाताना लक्षात आले की हे वाक्य आपण पूर्वीही ऐकले आहे, आणि तेही पॅरिसविषयी नव्हे.

मराठी व्याकरणात ‘पण’, ‘परंतु’, ‘परी’, ‘बाकी’ या उभयान्वयी अव्ययांना न्यूनत्वबोधक म्हणतात. दोन प्रधान वाक्ये जोडताना ही अव्यये पहिल्या वाक्यातील विधानाला उणेपणा आणतात. व्याकरणकारांनी दिलेली ही संज्ञा आपण शाळेत पाठ करतो आणि विसरतो. निषेधाच्या वाक्याला ती लावून पाहिली तर तिची नेमकेपणाने प्रचीती येते. ‘हल्ला निषेधार्ह आहे’ हे विधान पूर्ण आहे. त्याला ‘पण’ जोडताच ते न्यून होते, आणि बोलणाऱ्याचा खरा भर दुसऱ्या वाक्यावर जातो. मराठीत वाक्याचा जोर शेवटाकडे असतो, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या कानात उरते ते चित्रकाराचे चुकणे. हल्लेखोराचे कृत्य पूर्वार्धातच मागे पडलेले असते.

व्याजस्तुती आणि डांबर

महाराष्ट्रातील प्रकरणांपैकी साहित्याच्या अभ्यासकाला सर्वांत बोलके वाटावे असे प्रकरण जून २००८ मधील आहे. मुंबईजवळ अरबी समुद्रात छत्रपती शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा उभारण्याचा संकल्प तत्कालीन राज्य सरकारने सोडला होता. ‘लोकसत्ता’चे संपादक कुमार केतकर यांनी त्यावर उपरोधिक अग्रलेख लिहिला. राज्याचे सारे प्रश्न जणू सुटलेच आहेत, आता एवढेच काय ते उरले आहे, असा आव आणून सरकारच्या अग्रक्रमांवर केलेली ती टीका होती. त्यानंतर लगेचच विनायक मेटे यांच्या ‘शिवसंग्राम’ संघटनेच्या कार्यकर्त्यांनी केतकरांच्या ठाणे येथील घरावर हल्ला केला, दगडफेक केली, दाराला डांबर फासले.

अलंकारशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर तो अग्रलेख व्याजस्तुतीचा नमुना होता. वरवर स्तुती आणि आत निंदा. या निंदेचा विषय महाराज नव्हते, सरकार होते. हा भेद कळण्यासाठी फार मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. इयत्ता दहावीच्या मराठीच्या पुस्तकातून अलंकार शिकलेल्या वाचकाला तो कळावा. म्हणून त्या वेळी अनेकांनी, आणि त्यांत साहित्याचे प्राध्यापक पुष्कळ होते, असे स्पष्टीकरण दिले की हल्लेखोरांना उपरोध कळला नाही. त्यांनी व्यंजनेला अभिधा समजून वाचले. हे स्पष्टीकरण ऐकायला बरे वाटते. त्यात आपण शहाणे ठरतो आणि झुंड अडाणी ठरते. शिवाय उपायही सोपा निघतो : वाचन शिकवा, हल्ले थांबतील.

प्रस्तुत लेखकाला हे स्पष्टीकरण आता मान्य नाही. उपरोध न कळल्यामुळे माणूस गोंधळतो, फार तर संपादकाला पत्र लिहितो. सकाळी डांबराची व्यवस्था करून, माणसे जमवून, पत्ता शोधून तो दुसऱ्या गावी जात नाही. त्यासाठी उपरोध नीट कळावा लागतो, किंवा कळला की नाही हा प्रश्नच गैरलागू असावा लागतो. ज्या सरकारवर टीका होती ते या हल्ल्याचे लक्ष्य नव्हते, आणि त्या सरकारचा पाठीराखा असलेल्या एका आमदाराच्या संघटनेने तो केला होता. ही जुळणी वाचनातील चुकीने होत नाही.

यानंतर झालेल्या सार्वजनिक बोलण्यात निषेध भरपूर होता. पत्रकारांचे मोर्चे निघाले. तालुक्याच्या गावांतून अशा वेळी जे होते तेही सर्वांच्या परिचयाचे आहे : काळ्या फिती, तहसीलदारांना निवेदन, निवेदन देतानाचे छायाचित्र. निषेधाच्या या विधीची थट्टा करण्याचा येथे हेतू नाही, कारण छोट्या गावातील वार्ताहराला तेवढाच आधार असतो. तथापि विधीच्या बाहेर, चहाच्या टपरीवर आणि शिक्षकांच्या खोलीत, जे वाक्य फिरत होते ते असे : “हल्ला नको होता, पण महाराजांच्या विषयात उपरोध कशाला?” म्हणजे अग्रलेखाचा विषय महाराज होते हे हल्लेखोरांचे म्हणणे निषेध करणाऱ्यानेही मान्य केले होते. डांबराने जे साधले नसते ते या ‘पण’ने साधले. पुतळ्याच्या खर्चाचा आणि पर्यावरणाचा प्रश्न पुढे उच्च न्यायालयात गेला, सर्वोच्च न्यायालयातही गेला. न्यायालयात तो विचारणे रास्त ठरले, अग्रलेखात विचारणे मात्र आगळीक ठरले होते.

मराठी वाचक आणि वक्रोक्ती

उपरोध कळण्याची क्षमता मराठी वाचकात नाही असे म्हणणे आपल्या वाङ्मयीन इतिहासालाही धरून नाही. शिवराम महादेव परांजपे यांनी १८९८ मध्ये ‘काळ’ सुरू केले आणि पुढील दशकभर इंग्रजी सत्तेविरुद्ध जे लिहिले त्याचा प्राण वक्रोक्ती होता. स्तुतीच्या शब्दांत सांगितलेली निंदा खेड्यापाड्यांतील वाचकाला बरोबर कळत होती. सरकारलाही ती कळली, म्हणून १९०८ मध्ये त्यांना राजद्रोहाबद्दल एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. गोपाळ गणेश आगरकरांच्या लेखणीतील उपहास पुण्याच्या सनातनी मंडळींना इतका नेमका कळला होता की त्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. ती प्रेतयात्राही एक प्रकारे व्यंगच होते. विरोधकांनी व्यंगाला व्यंगाने उत्तर दिले, हे क्रूर होते, तरी उत्तराचे माध्यम तेच होते याची नोंद घ्यावी लागते.

छापील मजकुराच्या बाहेर तर ही क्षमता अधिकच मुरलेली होती. एकनाथांच्या भारुडांपासून तमाशातील वगापर्यंत बोलणे एक आणि अर्थ दुसरा ही रीत सामान्य श्रोत्याच्या अंगवळणी पडलेली होती. आपल्या बार्शीत जन्मलेले आणि गिरणी कामगारांच्या चळवळीत घडलेले शाहीर अमर शेख (१९१६-१९६९) यांनी अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांच्यासमवेत लाल बावटा कलापथकातून जे सादर केले त्यातील सत्ताधाऱ्यांची टिंगल हजारोंच्या सभेला समजावून सांगावी लागत नसे. अर्थात तेथे शाहिराचा आवाज होता. संस्कृत काव्यशास्त्रात वक्रोक्तीचे श्लेषवक्रोक्ती आणि काकुवक्रोक्ती असे दोन प्रकार सांगितले आहेत. काकू म्हणजे स्वराचा चढउतार. डफाच्या साथीने येणारा अमर शेखांचा स्वर अर्थ कुठे वळला हे सांगत असे. छापील अग्रलेखात काकू नसते. आणि एखादे व्यंगचित्र पानातून कापून, मथळ्याविना, भ्रमणध्वनीवरून गावोगाव फिरते तेव्हा काकूच काय, संदर्भही उरत नाही. एवढ्यापुरते ‘उपरोध कळला नाही’ हे स्पष्टीकरण खरे आहे, त्यापलीकडे नाही.

या संदर्भात ‘मार्मिक’चे उदाहरण लक्षणीय आहे. बाळ ठाकरे यांनी १३ ऑगस्ट १९६० रोजी सुरू केलेले हे व्यंगचित्र-साप्ताहिक. त्यात मुंबईतील आस्थापनांमधील अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जात, आणि मथळा असे ‘वाचा आणि थंड बसा’. हा मथळा उपरोधिक होता. थंड बसू नका, असा त्याचा अर्थ होता आणि तो वाचकांना अचूक कळला. पुढे मथळा बदलून ‘वाचा आणि उठा’ असा झाला. व्यंजनेची जागा अभिधेने घेतली, आणि १९ जून १९६६ रोजी संघटना स्थापन झाली. एका व्यंगचित्रकाराच्या साप्ताहिकातून उभी राहिलेली ही संघटना पुढे १९९१ मध्ये ‘महानगर’ या सायंदैनिकावर चालून गेली, आणि २० नोव्हेंबर २००९ रोजी तिच्या कार्यकर्त्यांनी ‘आयबीएन-लोकमत’ वाहिनीच्या कार्यालयांवर हल्ला केला. दोन्ही वेळी लक्ष्य संपादक निखिल वागळे होते. ज्यांचा जन्म कुंचल्यातून झाला त्यांनाच दुसऱ्याचा शब्द सोसवू नये, यात काव्यगत न्याय शोधण्याचा मोह अनेकांना होतो. तो मोह किती घातक आहे हे पुढील प्रकरणात दिसेल.

‘मूक’ आणि ‘मुका’

१३ जुलै २०१६ रोजी अहमदनगर जिल्ह्यातील कोपर्डी येथे घडलेल्या अत्याचार आणि हत्येनंतर मराठा समाजाचे मूक मोर्चे निघू लागले. पहिला मोर्चा ९ ऑगस्टला औरंगाबादला निघाला. सप्टेंबरमध्ये सोलापुरातही लाखोंच्या संख्येने लोक जमले. आपल्या तालुक्यातून गेलेल्या माणसांनी त्या दिवशीची शिस्त आणि शांतता अनुभवली आहे. अशा वातावरणात २५ सप्टेंबर २०१६ रोजी ‘सामना’च्या रविवार पुरवणीत श्रीनिवास प्रभुदेसाई यांचे एक व्यंगचित्र प्रसिद्ध झाले. त्यात ‘मूक’ या शब्दावर ‘मुका’ अशी कोटी होती. दोन दिवसांनी ‘सामना’च्या नवी मुंबईतील छापखान्यावर आणि ठाण्यातील कार्यालयावर हल्ला झाला. संभाजी ब्रिगेडने त्याची जबाबदारी घेतली. पक्षातील काही लोकप्रतिनिधींनी राजीनाम्याची भाषा केली. चित्रकाराने क्षमा मागितली, आणि १ ऑक्टोबरला उद्धव ठाकरे यांनीही माता-भगिनींची माफी मागितली.

समीक्षक म्हणून या चित्राविषयी स्पष्ट मत द्यायला हवे. ते वाईट व्यंगचित्र होते. कोटी ही व्यंगाची सर्वांत स्वस्त सामग्री आहे आणि तिच्या मागे काही निरीक्षण नसेल तर ती केवळ शब्दाचा आवाज करते. येथे तर तिचा रोखही चुकलेला होता. एका अल्पवयीन मुलीवरील अत्याचारातून निघालेल्या मोर्चाच्या नावावर शृंगाराची कोटी करणे हा औचित्यभंग आहे, आणि औचित्य म्हणजे सोवळेपणा नव्हे. क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित म्हटले ते नीतीच्या अर्थाने नव्हे. अवयव जागच्या जागी असणे, हार कंठात आणि मेखला कटीवर असणे, या अर्थाने. ज्या लोकांनी मौन हेच आपले वक्तव्य म्हणून निवडले होते त्यांच्या मौनाची चेष्टा करताना, ते मौन कशासाठी आहे याकडे चित्राचे लक्षच नव्हते.

येथे पूर्णविराम.

आणि आता दुसरे वाक्य : छापखान्यावर दगड मारणे हा गुन्हा होता. या दोन वाक्यांना जोडणारे कोणतेही अव्यय असू नये असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे. पहिले वाक्य वाङ्मयीन न्यायाचे आहे, दुसरे नागरी न्यायाचे. दोहोंचे निकष वेगळे, पुरावे वेगळे, शिक्षाही वेगळ्या. वाईट चित्राची शिक्षा वाईट समीक्षा, वाचकांची नाराजी, खप घसरणे, फार तर संपादकाने पुढचे चित्र नाकारणे. दगड हे या मालिकेतील पुढचे पाऊल नाही, ती मालिकाच वेगळी आहे.

२०१६ च्या त्या आठवड्यात झाले ते असे की दुसरे वाक्य बोलायलाच फारसे कोणी उरले नाही. मोर्चाविषयी आस्था असणाऱ्यांना चित्राचा राग होता. एरवी वृत्तपत्रस्वातंत्र्यासाठी उभे राहणाऱ्यांना ‘सामना’विषयी प्रेम नव्हते, आणि १९९१ व २००९ चे स्मरण होते. ‘पेरले तसे उगवले’ ही म्हण त्या दिवसांत अनेक सुशिक्षित तोंडांतून ऐकू आली. तिच्यात ‘पण’सुद्धा नव्हता, कारण त्याच्या आधी यायला हवे ते निषेधाचे वाक्यच गळून पडले होते. सारी चर्चा माफी कोणी, कधी आणि किती वाकून मागावी यावर झाली. पक्षाला त्याचे राजकारण सांभाळता आले. मध्ये सापडला तो नोकरी करणारा एक चित्रकार. आपल्याला नावडणाऱ्याच्या बाजूने निषेधाचे पूर्ण वाक्य बोलता येते की नाही, ही या विषयातली खरी परीक्षा आहे, आणि त्या परीक्षेत आपल्यातील पुरोगामी म्हणविणारे, प्रस्तुत लेखकासह, उत्तीर्ण झाले असे म्हणता येत नाही.

२०१५ ची दोन प्रकरणे

पॅरिसनंतरच्या वर्षात महाराष्ट्रात दोन घटना घडल्या. त्यांची आठवण मराठी वाचकाला फारशी उरलेली नाही, म्हणून त्या नोंदविणे आवश्यक वाटते.

उर्दू दैनिक ‘अवधनामा’च्या मुंबई आवृत्तीच्या संपादक शिरीन दळवी यांनी १७ जानेवारी २०१५ च्या अंकात ‘शार्ली एब्दो’विषयीच्या बातमीसोबत त्या साप्ताहिकाचे मुखपृष्ठ छापले. चूक झाली म्हणून त्यांनी क्षमायाचनाही छापली. तरीही त्यांच्याविरुद्ध ठिकठिकाणी तक्रारी दाखल झाल्या, २८ जानेवारीला मुंब्रा पोलिसांनी त्यांना अटक केली, जामीन मिळाला. आवृत्ती बंद पडली आणि तेथील कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. धमक्यांमुळे त्यांना घर सोडून राहावे लागले. काही पत्रकार, विशेषतः स्त्री-पत्रकार, त्यांच्या पाठीशी उभे राहिले. परंतु ज्या मराठी सुशिक्षित वर्गाने त्याच महिन्यात पॅरिसच्या चित्रकारांसाठी हळहळ व्यक्त केली, त्याला मुंब्रा पॅरिसपेक्षा दूर वाटले. पॅरिसच्या रस्त्यांवर ११ जानेवारीला दहा लाखांहून अधिक लोक उतरले होते. मुंब्र्याच्या ठाण्याबाहेर आपण किती होतो, हे विचारण्याचेही कोणाला सुचले नाही. उर्दू वृत्तपत्र हे ‘त्यांचे’ वृत्तपत्र, तेव्हा हा वाद त्यांचा घरगुती, अशी एक न बोललेली समजूत त्यामागे होती.

दुसरी घटना वर्षाच्या अखेरची. २९ नोव्हेंबर २०१५ च्या ‘लोकमत’च्या ‘मंथन’ पुरवणीत ‘इसिस’ या दहशतवादी संघटनेच्या अर्थपुरवठ्यावर लेख होता. लेखासोबतच्या चित्रात डुकराच्या आकाराची पैशांची पेटी होती आणि तिच्यावर त्या संघटनेच्या ध्वजावरील अरबी अक्षरे होती. राज्यातील काही शहरांत ‘लोकमत’च्या कार्यालयांवर जमाव चालून गेले, तोडफोड झाली, वृत्तपत्राने माफी मागितली. चित्रकाराचा रोख दहशतवादी संघटनेवर होता. तिच्या ध्वजावरची अक्षरे मात्र सर्व मुसलमानांना पवित्र असलेली श्रद्धावचने आहेत. वाङ्मयीन न्यायाने पाहता येथे आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे प्रतिमेचे उसनेपण. बचतीची पेटी डुकराच्या आकाराची ही इंग्रजी भाषेतील रूढी आहे. मराठी मूल पैसे टाकते ते मातीच्या गल्ल्यात. गल्ल्याला ना शेपूट असते ना सोंड. ही प्रतिमा आपल्या भाषेतून आली असती तर चित्र घडलेच नसते, किंवा निराळे घडले असते. परकी प्रतिमा आयती उचलताना तिच्याबरोबर काय येते हे संपादकीय टेबलावर कोणाच्या लक्षात आले नाही. ही संपादनातील ढिलाई होती. कार्यालयांची मोडतोड ही तिची शिक्षा नव्हती. पुन्हा, दोन वाक्ये.

‘आम्ही’ कोण?

पॅरिसच्या घटनेनंतर ‘मी शार्ली’ ही घोषणा जगभर गेली. त्याआधी दीड वर्ष, २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाल्यानंतर महाराष्ट्रात ‘आम्ही सारे दाभोलकर’ अशी घोषणा दिली गेली होती. दाभोलकर ‘साधना’चे संपादक होते, व्यंगलेखक नव्हते. तुलना केवळ घोषणांची आहे. फ्रेंच घोषणेत एकवचन आहे, मराठीत अनेकवचन. आणि मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आपण’ म्हटले की ऐकणारा त्यात येतो, ‘आम्ही’ म्हटले की तो बाहेर राहतो. दुःखाच्या त्या क्षणी ‘आम्ही’ हेच सहज सुचले, यात दोष नाही. परंतु काठावर उभ्या असलेल्या, ‘पण’ म्हणणाऱ्या मोठ्या समाजाला ‘आम्ही’ने आत घेतले नाही, हेही मान्य करावे लागेल. ‘आम्ही’ आणि ‘पण’ यांनी एकमेकांना पुष्ट केले आहे.

या दोहोंहून वेगळा असा एक प्रतिसाद येथे नोंदविण्यासारखा आहे. मे २०१५ मध्ये अमेरिकेतील ‘पेन’ या लेखकसंस्थेने ‘शार्ली एब्दो’ला धैर्याबद्दल पुरस्कार दिला तेव्हा पीटर केरी, मायकेल ओन्डाट्जे, टेजू कोल, फ्रॅन्सिन प्रोज आदी सहा लेखकांनी त्या समारंभाच्या यजमानपदातून अंग काढून घेतले. सलमान रश्दी यांनी त्यांच्यावर कठोर टीका केली. रश्दींच्या आयुष्याकडे पाहता तो संताप समजण्यासारखा आहे, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांच्यावर झालेल्या चाकूहल्ल्यानंतर तर त्याचे वजन अधिकच जाणवते. तथापि त्या सहांनी चित्रे छापण्याचा हक्क नाकारला नव्हता, हत्येला कारणही पुरविले नव्हते. संरक्षण द्यावे आणि गौरव मात्र करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. ते पटो वा न पटो, त्यात दोन न्याय दोन ठिकाणी ठेवलेले होते. याउलट त्याच जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी प्रवासात बोलताना आपल्या आईविषयी कोणी वाईट बोलले तर ठोसा मिळेलच, अशा आशयाचा दृष्टांत दिला. हिंसेचा निषेध करूनच त्यांनी तो दिला होता. म्हणजे आमच्या प्राध्यापक-कक्षातील ‘पण’ला फार मोठी सोबत होती.

अलीकडच्या काळात ‘पण’ची जागा कागदोपत्रीही तयार झाली आहे. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी पुण्यात एका सभेला जाताना निखिल वागळे यांच्या मोटारीवर हल्ला झाला. लालकृष्ण अडवाणी यांना भारतरत्न जाहीर झाल्यावर त्यांनी समाजमाध्यमावर केलेली जहाल टिप्पणी हे त्याचे निमित्त होते. त्या टिप्पणीबद्दल वागळे यांच्याविरुद्धही गुन्हा नोंदविला गेला. एक तक्रार हल्ल्याची आणि एक शब्दांची, अशा दोन नोंदी शेजारी शेजारी झाल्या की समतोल साधल्याचा भास होतो. २०१७ मध्ये विधिमंडळाने माध्यमकर्मींवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा संमत केला, २०१९ मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, अजामीनपात्र गुन्हा, अशा त्याच्या तरतुदी आहेत. पत्रकार हल्लाविरोधी कृती समितीने त्यासाठी दीर्घ काळ पाठपुरावा केला होता. कायद्याच्या कलमात ‘पण’ नाही. ठाण्यात तक्रार घेताना अंमलदार तो विचारतो, आणि त्याचे उत्तर समाजाकडे असते.

भित्तिपत्रक

हे सारे लिहिताना एका जुन्या प्रसंगाने हात अडखळतो. प्रस्तुत लेखक पूर्वी ज्या एका महाविद्यालयात होता तेथे मराठी विभागाचे भित्तिपत्रक चालत असे. द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने त्यात गावातील मिरवणुकांतल्या डॉल्बीची स्तुती लिहिली. स्वर्गातील थोर पुरुषांना वार्धक्यामुळे कमी ऐकू येते, तेव्हा त्यांच्या जयंतीला आवाज तेवढा मोठा हवाच, असा मजकूर होता. वर्गात व्याजस्तुती शिकवून पंधरा दिवस झाले होते. मजकूर चांगला उतरला होता. आम्ही तो मोठ्या अक्षरांत लावला.

तिसऱ्या दिवशी बाहेरची काही मुले आली. त्यांनी काच फोडली, भित्तिपत्रक फाडले, आणि त्या विद्यार्थ्याला सायकल-स्टँडपाशी गाठून मारले. फार नाही, चारदोन थपडा आणि ओठ फुटला. दुपारी विभागाची बैठक झाली. सर्वांनी मारहाणीचा निषेध केला. मग एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “मारायला नको होते, पण पोराने थोर पुरुषांना मध्ये आणायला नको होते.” कोणी विरोध केला नाही. त्या मजकुरात थोर पुरुषांचा अवमान कोठे आहे हे कोणी विचारले नाही. विचारण्याचे काम ज्याचे होते त्याने व्याजस्तुतीचा तास घेतला होता, आणि तो गप्प बसला.

बैठकीचे इतिवृत्त लिहिण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडेच होते. त्यात पुढील ठराव आहे : झालेला प्रकार खेदजनक असून, यापुढे भित्तिपत्रकातील मजकूर विभागप्रमुखांच्या सहीनंतरच लावावा आणि संबंधित विद्यार्थ्यास समज द्यावी. मारणाऱ्यांपैकी दोघांना आम्ही सर्व जण नावाने ओळखत होतो. ती नावे इतिवृत्तात नाहीत.

समजही प्रस्तुत लेखकानेच दिली. मुलाने ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “सर, त्यात चूक काय होती, भाषेची का?” भाषेची नव्हती, असे सांगितले. पुढचे वर्षभर तो तासांना नियमित येत राहिला आणि अलंकारांवरील प्रश्न त्याने परीक्षेत उत्तम सोडविला. भित्तिपत्रकासाठी त्याच्याकडे दोनदा मजकूर मागितला. दोन्ही वेळा त्याने एका थोर पुरुषाच्या चरित्रातील उतारा सुवाच्य अक्षरात उतरवून आणून दिला.